आक्षेप मान्य, वसुली नाही: ब्रिटनच्या लोकलेखा समितीचं परीक्षण

इंग्लंडात मुलांकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर येणाऱ्या आपल्यासारख्या आईवडिलांना लंडनमध्ये काय काय दाखवतात, ती यादी आता सगळ्यांना पाठ आहे. लंडन आय, टॉवर, मेणाचे पुतळे, नीसडनचं स्वामीनारायण मंदिर आणि परतताना वेंब्लीत पाणीपुरी. या यादीत मी एक भर घालतो. ब्रिटिश संसदेची पब्लिक अकाउंट्स कमिटी, म्हणजे लोकलेखा समिती. तिकीट नाही, बसायला खुर्ची मिळते, आणि जायचा कंटाळा असेल तर सोफ्यावर बसूनही बघता येते. सरकारी पैसा कुठे गेला, हे खासदार सचिवांना समोर बसवून विचारतात. मी त्यातलं बहुतेक पाहिलं ते एकाच खात्याचं: एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, आणि तिची तूट.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात गेली. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका. अर्धसमास पत्र, म्हणजे लेखापरीक्षकाची लेखी विचारणा, काढायचं, उत्तराची वाट बघायची, उत्तर आलं नाही की आक्षेपाचा परिच्छेद लिहायचा, मग अनुपालनाची वाट बघायची. विधिमंडळाची पंचायती राज समिती, आमच्या भाषेत पीआरसी, जिल्ह्यात येणार म्हटलं की काय होतं, तेही आतून पाहिलंय. भिंतींना रंग. अभिलेख कक्षातल्या गठ्ठ्यांना नवी फडकी. प्राथमिक आरोग्य केंद्रात अचानक सगळा स्टाफ हजर, आणि विश्रामगृहावरच्या जेवणाचा बेत ठरवायला वेगळी बैठक. साक्ष मात्र बंद दाराआड. आत कुणाला झापलं, हे आम्हाला चहा घेऊन जाणाऱ्या शिपायाकडून कळायचं. दिल्लीतल्या लोकलेखा समितीच्याही साक्षी बंद खोलीतच होतात. त्यामुळे हीच गोष्ट इथे कुणीही उठून जाऊन बघू शकतं, असं लेक म्हणाली तेव्हा मी तिला विचारलं, "कुणीही म्हणजे? पासबिस?" तिचं उत्तर असं की, "बाबा, काही लागत नाही, पण इथे येऊनही तुम्हाला ऑडिटच बघायचंय का?"

लेक पीटरबरोला राहते. तिथून किंग्ज क्रॉसला गाडीनं तासाच्या आत, पुढे ट्यूब बदलून वेस्टमिन्स्टर. स्टेशनच्या डोक्यावरच पोर्टकलिस हाउस नावाची इमारत आहे, बिग बेनच्या समोर. विमानतळासारखी तपासणी होते, ती करणारे कर्मचारी सौजन्यानं वागतात. आत गेलं की वर प्रचंड काचेचं छत आणि खाली झाडं. आपल्याकडे सोसायटीच्या गेटपाशी लावतात तसला फायकस. या झाडांची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ही इमारत २००१ मध्ये उघडली, खर्च साडेतेवीस कोटी पौंड. पुढच्याच वर्षी नॅशनल ऑडिट ऑफिसनं, म्हणजे इथल्या कॅगनं, तिचा हिशेब तपासला. त्यात निघालं की झाडं विकत घेतलेलीच नाहीत, भाड्यानं आणली आहेत, आणि पाच वर्षांचं भाडं दीड लाख पौंड! ज्या इमारतीत बसून खासदार दुसऱ्यांची उधळपट्टी काढतात, तिच्या अंगणात आक्षेपाधीन रक्कम हिरवीगार उभी होती. मी बराच वेळ झाडांखाली रेंगाळलो. बायको म्हणाली, "चला, वर तुमची माणसं खोळंबलीत."

समितीच्या खोल्या पहिल्या मजल्यावर. नावं बहुतेक माजी पंतप्रधानांची: थॅचर, विल्सन, अ‍ॅटली, मॅकमिलन. नालेच्या आकाराचं टेबल, त्याभोवती खासदार, मोकळ्या बाजूला साक्षीदारांचं टेबल आणि साक्षीदारांच्या मागे आपण. ही मांडणी पहिला दोष म्हणून नोंदवतो, कारण ज्याला घाम फुटतोय त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, फक्त मान दिसते. त्याच्या मागच्या रांगेत त्याचे अधिकारी फायली घेऊन बसतात आणि अडचणीच्या प्रश्नाला चिठ्ठी पुढे सरकवतात. ती चिठ्ठी मात्र आपल्याला सगळ्यात जवळून दिसते! एवढ्या एका गोष्टीवरून मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही साहेबांच्या खुर्चीमागे कॅफो, म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकारी, याच कामासाठी उभा असायचा.

खोलीत आणखी दोन माणसं बसतात, त्यांच्याकडे नीट बघा. एक म्हणजे ऑडिट ऑफिसचे प्रमुख, कॉम्प्ट्रोलर अँड ऑडिटर जनरल. २०१९ पासून गॅरेथ डेव्हिस, त्याआधी सर एमियास मोर्स. दुसरा ट्रेझरीचा, म्हणजे अर्थखात्याचा अधिकारी. त्यामुळे "हा आकडा आम्हाला मान्य नाही" हे वाक्य या खोलीत ऐकू येत नाही. ऑडिट अहवालातली वस्तुस्थिती छापायच्या आधीच खात्याकडून तपासून, मान्य करून घेतलेली असते. आपली अर्धसमास पत्राची रीत तीच, फरक एवढाच की इथे उत्तर येतं. आमच्याकडे साक्षीचा निम्मा वेळ "अभिलेख उपलब्ध झाला नाही" यात जायचा. इथे पहिल्या मिनिटाला मुद्द्यावर येतात.

मी गेलो त्या दिवशी विषय आरोग्याचा नव्हता, म्हणून त्यावर लिहीत नाही. सदस्य सोळा, गणपूर्ती चारची. मधूनच उठून जाणारे आणि मोबाइलवर बोट फिरवणारे इथेही आहेत. चहाचा वास येतो, पण तो खालचा कॅफे पासवाल्यांचा. पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

खरी चैन घरी आहे. पार्लमेंटलाइव्ह.टीव्ही या संकेतस्थळावर सुनावण्या थेट दिसतात आणि जुन्याही सापडतात. काही दिवसांत साक्षीचा शब्दन् शब्द छापील स्वरूपात समितीच्या पानावर येतो. उच्चार समजले नाहीत तर ते पान शेजारी उघडं ठेवायचं. मी तसंच केलं. अहवालांची रचना शहाणी आहे: आधी सारांश, मग निष्कर्ष आणि त्या प्रत्येकाला जोडून शिफारस, तीही मुदत घालून. आमच्या अहवालांत मुद्दा शोधायला सोळावं पान उघडावं लागायचं.

सुरुवात कुठून करायची? ११ जानेवारी २०१७ ची सुनावणी लावा. पार्श्वभूमी अशी, की २०१५-१६ या वर्षात इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांची, म्हणजे ट्रस्टांची, एकत्रित तूट २४५ कोटी पौंडांच्या घरात गेली. सुमारे दोनतृतीयांश ट्रस्ट तोट्यात. दोनचार ट्रस्ट तोट्यात असले तर व्यवस्थापकाला धरता येतं. दोनतृतीयांश असतील तर ज्यानं दर ठरवले आणि अनुदान ठरवलं त्याच्याकडे बघावं लागतं. वरचं आरोग्य खातंही ठरलेल्या मर्यादेबाहेर २० कोटी ७० लाख पौंडांनी गेलं. तेही अशा स्थितीत, की राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीतून अपेक्षेपेक्षा ४१ कोटी ७० लाख जास्त आले होते आणि ते ट्रेझरीला कळवायचं खात्याकडून राहून गेलं होतं. कळवलं असतं तर मर्यादा तेवढी खाली आली असती आणि जास्तीचा खर्च तिप्पट दिसला असता. "राहून गेलं" हे शब्द मी नोकरीत इतक्या वेळा वाचलेत की इथे इंग्रजीत वाचताना हसू आलं. वर हे हिशेब संसदेपुढे ठेवले कधी, तर २१ जुलै २०१६ ला, उन्हाळी सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळी पाच वाजता टपाल आवक करून घेणारे कारकून जगभर एकाच शाळेत शिकलेले असावेत.

तर या पार्श्वभूमीवर एनएचएस इंग्लंड, म्हणजे खात्याखाली ही सेवा चालवणारी संस्था, तिचे तेव्हाचे प्रमुख सायमन स्टीव्हन्स समितीपुढे बसले. अध्यक्ष मेग हिलियर, मजूर पक्षाच्या, कारण सरकार हुजूर पक्षाचं होतं. १८६१ मध्ये ग्लॅडस्टननं समिती स्थापली, आणि अध्यक्ष विरोधी पक्षाचा हा इथला संकेत. आपल्या लोकसभेतही १९६७ पासून तसंच आहे. पंतप्रधान थेरेसा मे यांच्या सरकारचं म्हणणं होतं की एनएचएसनं मागितले त्याहून जास्त, हजार कोटी पौंड, आम्ही दिले. स्टीव्हन्स यांनी समितीला शांतपणे सांगितलं की जास्त दिले म्हणणं ताणलेलं आहे. मागणी पाच वर्षांसाठीची होती, ती रक्कम सहा वर्षांवर पसरली, आणि पुढे एक वर्ष असं येणार की माणशी खर्च खाली जाईल. मग त्यांनी त्याच दिवशीच्या वर्तमानपत्राचं पान काढून दाखवलं, दुसरे देश आरोग्यावर आपल्यापेक्षा किती जास्त खर्च करतात ते सांगणारं. नोकरीत असलेला माणूस, कॅमेऱ्यासमोर, आपल्याच पंतप्रधानांचा आकडा खोडतोय! आमच्या जिल्हा परिषदेच्या एखाद्या सीईओनं पालकमंत्र्यांच्या आकड्याबद्दल असं बोलल्याची कल्पना करून बघा. बदलीचा आदेश साक्ष संपायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला असता. समितीनं अहवालात दोन्ही बाजूंना सुनावलं की तुमची चव्हाट्यावरची ही तू-तू मैं-मैं रुग्णाच्या कामाची नाही.

या हजार कोटींचं शवविच्छेदन मात्र लोकलेखा समितीच्या आधी दुसऱ्या समितीनं केलं होतं, आरोग्य समितीनं, जुलै २०१६ मध्ये. अध्यक्ष सारा वोलास्टन, व्यवसायानं डॉक्टर आणि तेव्हा सत्ताधारी पक्षाच्याच. त्यांनी दाखवलं की सरकारनं "आरोग्य खर्च" मोजायची हद्दच बदलली आहे. आधी संपूर्ण आरोग्य खातं धरत, आता फक्त एनएचएस इंग्लंडचं अंदाजपत्रक धरलं. डॉक्टर-नर्सच्या प्रशिक्षणाचे आणि सार्वजनिक आरोग्याचे पैसे त्या हद्दीबाहेर राहिले आणि त्यांनाच कात्री लागली. नव्या मोजणीनं २०२०-२१ पर्यंतची वाढ ८४० कोटी, जुन्या मोजणीनं ४५० कोटी. एका लेखाशीर्षातून काढून दुसऱ्यात टाकायचं आणि वाढ झाली म्हणायचं! मी हे वाचलं आणि लेकीला हाक मारली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, एका ट्रस्टमध्ये, त्याचं नाव लिहीत नाही. तिनं पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "आमचे ट्रेनिंगचे पैसे बंद झाले होते ना, ते इथे गेले होय."

आता या सगळ्या सुनावण्यांमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा: भांडवली पैसा महसुली खर्चाला वळवणं. पगार, औषधं, वीज हा महसुली खर्च. इमारती, यंत्रं, छप्पर हा भांडवली. तूट दिसू नये म्हणून आरोग्य खात्यानं २०१६-१७ या एका वर्षात १२० कोटी पौंड भांडवली खात्यातून उचलून रोजच्या खर्चात टाकले. २०१४-१५ ते २०१८-१९ मिळून ४३० कोटी. बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली तर त्या वर्षी कुणी उपाशी झोपत नाही, हेही खरं आहे. त्याच काळात १८० कोटींचा एक खास निधी ट्रस्टांना वाटला, नाव "सस्टेनेबिलिटी अँड ट्रान्सफॉर्मेशन". परिवर्तनाला म्हणून ठेवलेला हा पैसा मुख्यतः आजचा तोटा भरण्यात गेला. २०१६-१७ ची तूट त्यामुळे ७९ कोटींवर आली आणि तेवढ्यापुरतं बरं दिसलं. पुढे काय? २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांच्या थकलेल्या दुरुस्तीची किंमत १,३८० कोटी पौंडांच्या आसपास होती. गळती छपराला, आणि तिचं कारण सात वर्षं आधीच्या एका पुनर्विनियोजनात, म्हणजे पैसा वळवण्यात. लेखापरीक्षकाला असा सांधा सापडला की त्याला जेवण गोड लागतं.

समितीनं हे पकडलं का? पकडलं. २०१७ मध्ये लिहिलं, २०२० मध्ये लिहिलं. तोच परिच्छेद, वर्ष बदलून. आणि खात्याचं उत्तर? इथे या सेवेचा मला सगळ्यात आवडलेला भाग येतो: ट्रेझरी मिनिट. समितीचा अहवाल आला की साधारण दोन महिन्यांत सरकारला प्रत्येक शिफारशीवर लेखी सांगावं लागतं, मान्य की अमान्य, मान्य असेल तर कधीपर्यंत करणार. पुढे प्रगतीचा तक्ताही प्रसिद्ध होतो. मी ती कागदपत्रं आवडीनं चाळतो. बहुतेक ठिकाणी "सरकार समितीशी सहमत आहे". जिल्हा परिषदेतून येणारं "आक्षेप मान्य, यापुढे दक्षता घेण्यात येईल" आठवतंय का कुणाला? अगदी तेच, फक्त कागद चांगला. आमच्या अहवालात निदान वसूलपात्र रकमेचा रकाना असायचा, भले तो वर्षानुवर्षं भरत नसेल. इथे कुणाच्या पगारातून काही कापलं जाण्याचा प्रश्नच येत नाही.

जुन्या प्रकरणांत रस असेल तर २००६ कडे जा. २००५-०६ मध्ये एनएचएसची निव्वळ तूट ५४ कोटी ७० लाख पौंड निघाली. आजच्या मानानं किरकोळ, पण तेव्हा हाहाकार झाला. मार्च २००६ मध्ये प्रमुख सर नायजेल क्रिस्प पायउतार झाले (आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले). आरोग्यमंत्री पॅट्रिशिया ह्युइट यांनी वर्षभरात हिशेब जुळवण्याची हमी दिली. डिसेंबर २००६ मध्ये केव्हिन बॅरन यांच्या आरोग्य समितीनं फक्त या तुटीवर अहवाल काढला, आणि तो मी हिशेब शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देईन. त्यात एका नियमाची चिरफाड आहे. एखादा ट्रस्ट पन्नास लाखांनी तोट्यात गेला तर पुढल्या वर्षी त्याचं उत्पन्न पन्नास लाखांनी कापायचं, आणि शिवाय कायद्यानं त्यानं जुना तोटाही भरून काढायचा. एकाच खड्ड्याची माती दोनदा मागायची. अडचणीतला ट्रस्ट अशानं वर येणार कसा? ऑडिट कमिशननंही (ट्रस्टांचं आणि स्थानिक संस्थांचं ऑडिट बघणारी तेव्हाची वेगळी संस्था) त्याच उन्हाळ्यात हा नियम काढा म्हणून सांगितलं होतं. मार्च २००७ मध्ये ट्रस्टांसाठी तो निघाला. समितीच्या बोलण्याचा रुपये-पैशांत दिसणारा उपयोग मला सापडला तो हाच. त्या वर्षाअखेर ५१ कोटींची शिल्लकही दाखवली गेली, पण ती कुठून आली बघाल तर प्रशिक्षणाचे पैसे रोखून. मघाशी सांगितलेली २०१६ ची गोष्ट, दहा वर्षं आधी.

पीटरबरोत राहतो म्हणून तिथल्या रुग्णालयाचं प्रकरण काढून वाचलं. नवं रुग्णालय २०१० मध्ये उघडलं, खासगी कंपनीनं बांधायचं आणि ट्रस्टनं पुढे तीसेक वर्षं हप्ते भरायचे या पद्धतीनं, किंमत २८ कोटी ९० लाख पौंड. २०११-१२ ला ट्रस्टचा तोटा ४ कोटी ५८ लाख, म्हणजे उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. हे परवडणार नाही, असं नियामकानं २००७ मध्येच पत्र लिहून कळवलं होतं. पत्र फायलीला लागलं, करारावर सह्या झाल्या. मार्गारेट हॉज तेव्हा लोकलेखा समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्यासमोर बसायचं म्हणजे काय, ते पाहायचं तर त्या काळातली कुठलीही ध्वनिचित्रफीत लावा. जवळच हंटिंग्डनचं हिंचिंगब्रुक रुग्णालय. ते २०१२ मध्ये सर्कल नावाच्या खासगी कंपनीला चालवायला दिलं. कंपनीच्या खिशातून पन्नास लाख पौंडांपेक्षा जास्त गेले तर करार सोडायची मुभा होती. २०१५ मध्ये कंपनी बाहेर पडली. जोखीम हस्तांतरित केली म्हणायचं आणि दार उघडं ठेवायचं, यावर समितीनं दोनदा लिहिलंय. मग २०१७ मध्ये ही दोन्ही रुग्णालयं एकाच ट्रस्टमध्ये विलीन केली. हसू नका.

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धांदलीत, ट्रस्टांवरचं १,३४० कोटी पौंडांचं सरकारी कर्ज "माफ" झालं. वर्तमानपत्रांत तसंच आलं. प्रत्यक्षात कर्जाचं सरकारी भांडवलात रूपांतर झालं, आणि त्या भांडवलावर ट्रस्टांनी सरकारला साडेतीन टक्के लाभांश द्यायचा असतो. माफी झाली, पण देणं संपलं नाही. ऑडिट ऑफिसनं त्याच्या दोनच महिने आधी बजावलं होतं की अडचणीतल्या ट्रस्टांना अशी कर्जं देत राहणं म्हणजे ती फेडली जाणार नाहीत हे माहीत असून देणं.

अलीकडचं म्हणजे जानेवारी २०२५ चा अहवाल. आता सरकार मजूर पक्षाचं, अध्यक्ष हुजूर पक्षाचे सर जेफ्री क्लिफ्टन-ब्राउन. भाषा कडक आहे. आरोग्य खात्याचे वरिष्ठ निर्धास्त बसलेत आणि त्यांच्याकडे नव्या कल्पना उरलेल्या नाहीत, असा एकंदर सूर. मला त्यातलं पटलं ते अगदी साधं. २०२४-२५ च्या नियोजनाच्या सूचना खालपर्यंत कधी गेल्या, तर २७ मार्च २०२४ ला. वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. चार दिवसांत वर्षाचं अंदाजपत्रक बसवा! मार्च एंडला रात्री बारापर्यंत कोषागारात बिलं घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लंडनमध्येही मार्च एंड आहे, हे कळल्यावर मला या देशाबद्दल जास्त आपलेपणा वाटू लागला.

दोष लिहितो. पहिला आणि मोठा: धोरण बरोबर की चूक, हे विचारायचा या समितीला अधिकार नाही. दिलेला पैसा काटकसरीनं, परिणामकारक वापरला का, एवढंच. त्यामुळे तुटीचं मूळ जर मुळात कमी दिलेल्या पैशात असेल, तर समिती त्याच्या भोवती फिरते, बोट ठेवते आणि मागे येते. आरोग्य समितीला ती अडचण नाही, म्हणून दोन्ही जोडीनं बघावं. दुसरा: समोर बसतो तो सचिव, मंत्री क्वचितच. कापायचा निर्णय कॅबिनेटमध्ये झाला आणि मान खाली घालून उत्तर देतोय तो सर क्रिस वर्माल्डसारखा अधिकारी, जो पुढे कॅबिनेट सेक्रेटरी झाला. तिसरा: काही खासदारांना प्रश्नापेक्षा स्वतःच्या मतदारसंघातलं रुग्णालय जास्त महत्त्वाचं वाटतं. पाचातली दोन मिनिटं त्यातच.

पण सचिवच का बसतो, यामागची सोय मला फार आवडली, ती सांगतो. इथे प्रत्येक खात्याचा सचिव हा लेखा अधिकारी म्हणून व्यक्तिशः जबाबदार असतो. मंत्र्यानं सांगितलेला खर्च त्याला पैशाची नासाडी वाटला तर तो म्हणू शकतो, लेखी आदेश द्या. तो आदेश मिळाला की खर्च करायचाच, पण त्याची प्रत ऑडिटर जनरलकडे आणि या समितीकडे जाते. आमच्याकडे "साहेबांनी फोनवर सांगितलं" याचा परिच्छेद कसा लिहायचा, यावर मी कित्येक संध्याकाळी घालवल्यात. एवढी एक गोष्ट महाराष्ट्रात आली तरी माझ्या खात्यातली अर्धी पोरं वेळेवर घरी जातील.

पाचात गुण द्यायचे तर उघडेपणाला पाच, कागदपत्रांना पाच, बसायच्या जागेला दोन, वसुलीला एक. बायकोचे गुण वेगळे आहेत. तिनं झाडांना पाच दिले आणि बाकीच्याला काहीच नाही.

जायचं असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर समितीचं वेळापत्रक आधी बघा. संसदेला सुट्टी असेल तर समितीही नसते. सकाळच्या गर्दीच्या वेळेचं तिकीट बरंच महाग पडतं, म्हणून दुपारची सुनावणी निवडा. खोलीत फोटो काढू देत नाहीत. लोकल फंड, कोषागार, महालेखाकार, सहकार खात्याचं ऑडिट, यांतून निवृत्त झालेल्यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी घरी ११ जानेवारी २०१७ ची फीत लावून पहिला अर्धा तास बघावा, नाही रमलात तर वेंब्ली आहेच.